एका थेंबाची दुहेरी झडती

सिकलसेलच्या निदानासाठी रक्ताची दोन वेगवेगळ्या वाटांनी तपासणी का करावी लागते? ही हकिगत टिपकागदापासून सुरू होते आणि लग्न जमवण्याच्या बैठकीपर्यंत येऊन पोहोचते.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रे, पोथ्या आणि मोडी दप्तरे यांच्या जोडीला एक वेगळाच संग्रह जपून ठेवला आहे. तो आहे नेत्ररोग्यांच्या नोंदींचा. भोसले घराण्यातले दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ या काळात तंजावरच्या गादीवर होते. ग्रंथांइतकाच त्यांना वैद्यकाचा नाद होता. रोग्याचा डोळा कसा दिसतो याचे चित्र काढून घ्यायचे, काय उपचार केला ते लिहून ठेवायचे, अशी शिस्त त्या नोंदींत दिसते. त्यांच्या धन्वंतरी महालात सिद्ध, आयुर्वेद, युनानी आणि पाश्चात्त्य अशा निरनिराळ्या पद्धतींचे जाणकार एकत्र आणले होते. एका वैद्याच्या नजरेतून जे निसटते ते दुसऱ्याच्या नजरेला दिसावे, असा विचार त्यामागे असावा.

डोळ्याचे चित्र काढता येते. पण रक्तात काय बिघडले आहे, याचे चित्र कसे काढणार?

या प्रश्नाला उत्तर मिळायला विसावे शतक निम्मे सरावे लागले. योगायोग असा, की ज्या रोगाने ते उत्तर मिळवून दिले, त्याचा भारतातला अगदी सुरुवातीचा पुरावा तमिळनाडूतच सापडला. तंजावरहून पश्चिमेची वाट धरली आणि त्रिची, कोईमतूर मागे टाकले की निलगिरीचे डोंगर समोर उभे राहतात. तिथल्या आदिवासींच्या रक्तात सिकलसेलचा दोष असल्याचे हर्मन लेमन आणि मेरी कटबुश या संशोधकांनी १९५२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी आसामातल्या चहामळ्यांच्या मजुरांतही तो आढळल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा मध्य भारताविषयीचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला आणि हा रोग थेट आपल्या नागपूरच्या दारात येऊन ठेपला. खरे म्हणजे तो तिथे पूर्वीपासूनच होता. त्याला नाव मात्र नव्हते.

आज गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर, यवतमाळ, नंदुरबार या जिल्ह्यांत सिकलसेल हा शब्द घराघरात माहीत आहे. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही जमातींत शंभरातल्या वीस ते पस्तीस जणांपर्यंत हा दोष वाहून नेणारे आढळल्याच्या नोंदी आहेत. हा केवळ आदिवासींचा रोग आहे ही समजूत मात्र चुकीची आहे. विदर्भात इतर अनेक समाजांतही तो दिसतो.

सहा महिन्यांनंतर सुरू होणारे दुखणे

मूल जन्मते तेव्हा अगदी ठणठणीत असते. बारसे होते, पाळणा हलतो, कुणाला शंकाही येत नाही. कारण पोटात असताना बाळाच्या रक्तात जे खास हिमोग्लोबिन असते, त्याला 'एफ' असे नाव आहे, ते जन्मानंतर काही महिने टिकते आणि बाळाचे रक्षण करते. ते ओसरू लागले की खरा रंग दिसतो. साधारण सहा महिन्यांनंतर एखाद्या दिवशी बाळाच्या हातापायांची बोटे सुजतात. हात लावला तरी मूल किंचाळते. पुढे डोळ्यांत पिवळी झाक येते, पोटात डाव्या बाजूला प्लीहा वाढते, साधा ताप वाढून जिवावर बेततो. थंडी पडली, उन्हात पाणी कमी प्यायले गेले किंवा अंगात ताप शिरला, की हाडे फोडून टाकणारी कळ सुरू होते. आईबाप कधी वाताचे औषध देतात, कधी देवऋष्याकडे जातात, कधी कावीळ उतरवून आणतात.

शरीरात घडते ते असे. आपल्या तांबड्या पेशी लवचीक बत्ताशासारख्या असतात. केसाहून बारीक रक्तवाहिनीतूनही त्या अंग चोरून निघून जातात. सिकलसेलच्या रोग्यात प्राणवायू सोडून दिला की पेशीतले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, त्याच्या लांब काड्या बनतात आणि पेशी ताठरून विळ्यासारखी वाकते. असे विळे एकमेकांत अडकले की रक्ताची वाट बंद होते. तीच ती कळ. शिवाय निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही वाकडी पेशी १० ते २० दिवसांतच मोडते. मग पंडुरोग आलाच.

अशा विळ्यासारख्या पेशी पहिल्यांदा नोंदवल्या त्या शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी, १९१० मध्ये. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पेशीचा आकार पाहिला. पण पेशी का वाकते हे त्या भिंगातून दिसणे शक्यच नव्हते. त्यासाठी पेशीच्या आत शिरून, हिमोग्लोबिनच्या एकेका तुकड्याला वेगळे करून विचारावे लागणार होते. वेगळे करायचे, म्हणजे नक्की कसे?

टिपकागदावरची शाई

घरच्या घरी करून पाहण्यासारखा हा प्रयोग आहे. टिपकागदाची एक पट्टी घ्या. खालच्या टोकापासून दोन बोटे वर काळ्या स्केचपेनचा ठिपका काढा आणि टोक पाण्यात बुडेल अशी पट्टी पेल्यात टांगा. ठिपका पाण्याच्या वर राहिला पाहिजे. पाणी कागदातून वर चढू लागते आणि थोड्या वेळात काळ्या ठिपक्यातून निळा, गुलाबी, पिवळा असे पट्टे बाहेर पडतात. काळा रंग एकटा नव्हताच, ते मिश्रण होते.

जत्रेच्या रस्त्यावरून कुटुंब निघाले की काय होते ते आठवा. बाबा सरळ चालत पुढे जातात, आई बांगड्यांच्या दुकानापाशी रेंगाळते आणि पोरे तर प्रत्येक खेळण्याशी थांबतात. सगळे निघाले एकाच वेळी, पण रस्ता संपेपर्यंत पांगतात. कागदावर तेच होते. ज्याला पाण्याची ओढ जास्त तो रंग भराभर वर जातो, ज्याला कागदाचा लळा तो मागे राहतो. यालाच म्हणतात क्रोमॅटोग्राफी, शब्दशः अर्थ रंगलेखन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांतले हिरवे-पिवळे रंग खडूच्या भुकटीच्या नळीतून असे वेगळे केले. गंमत म्हणजे त्याच्या आडनावाचा रशियन भाषेतला अर्थही 'रंग' असाच आहे! पुढे इंग्लंडमध्ये लोकरीच्या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी ही पद्धत इतकी सुधारली, की प्रथिनांचे घटक साध्या गाळणकागदावर वेगळे होऊ लागले. त्यांना १९५२ चे नोबेल मिळाले.

दुसरी वाट विजेची. विद्युतभार असलेला कण द्रावणात ठेवून वीज सोडली की ऋण भाराचा कण धन टोकाकडे धावतो आणि धन भाराचा ऋण टोकाकडे. भार जास्त असेल तर वेग जास्त, कण अवजड असेल तर वेग कमी. ही झाली इलेक्ट्रोफोरेसिस. स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी तिचे नेमके यंत्र बनवले. त्यांना १९४८ मध्ये जे नोबेल मिळाले ते केवळ या विजेच्या पद्धतीसाठी नव्हते. पदार्थ पृष्ठभागाला कसे धरून राहतात यावर आधारलेल्या पृथक्करणासाठीही होते. म्हणजे दोन्ही वाटा एकाच माणसाच्या कामात शेजारी शेजारी होत्या.

अमेरिकेत लायनस पाउलिंग आणि हार्वे इटानो, सिंगर व वेल्स या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये सिकलसेलच्या रोग्याचे हिमोग्लोबिन टिसेलियसच्या यंत्रात घातले. ते निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या वेगाने सरकले. रोग्याच्या आईबापांसारखे जे वाहक असतात त्यांच्या रक्तात दोन्ही जाती सापडल्या, जणू दोघांचे मिश्रण. एखादा रोग एका रेणूच्या बिघाडाने होतो, हे जगाने प्रथमच पाहिले. त्या निबंधाच्या मथळ्यातच 'रेण्वीय रोग' असे शब्द होते.

विजेने सांगितले, की भार बदलला आहे. पण कुठे? हिमोग्लोबिन हा तर शेकडो अमिनो आम्लांच्या मण्यांचा गोफ. सगळे मणी सुटे करून मोजले तर दोन्ही हिमोग्लोबिनची यादी जवळपास सारखीच येई. एवढ्या मोठ्या माळेत एखादा मणी बदललेला असला तर तो मोजणीच्या चुकीतच बुडून जाणार. इथे एकटी वीज अडली आणि एकटा कागदही अडला.

आडवी धाव, उभी धाव

शाळेच्या मैदानावर तीस मुले आहेत असे समजा. सगळ्यांचा गणवेश सारखा. त्यांना उंचीप्रमाणे मैदानाच्या कडेला एका रांगेत उभे केले. बुटकी एका टोकाला, उंच दुसऱ्या टोकाला. पण सारख्या उंचीची चार-पाच मुले एकाच जागी गर्दी करतात, ती लांबून ओळखू येत नाहीत. आता शिट्टी वाजवा आणि सगळ्यांना समोरच्या कडेकडे पळायला सांगा. दहा सेकंदांनी पुन्हा शिट्टी. जो जिथे आहे तिथेच थांबेल. उंची सारखी असली तरी पळण्याचा वेग सारखा नसतो. त्यामुळे आता मैदानभर मुले विखुरलेली दिसतील आणि बहुतेक प्रत्येकाची जागा त्याची एकट्याची असेल.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत व्हर्नन इंग्रॅम या तरुण संशोधकाने १९५६ मध्ये हिमोग्लोबिनच्या बाबतीत हेच केले. इंग्रॅम जन्माने जर्मन. नाझी राजवटीत कुटुंबाला देश सोडून इंग्लंड गाठावे लागले होते. मॅक्स पेरुट्झ यांच्या गटात तो काम करीत होता आणि इन्शुलिनच्या मण्यांचा क्रम लावणारे फ्रेडरिक सँगर त्याच गावात होते.

त्याने हिमोग्लोबिनवर ट्रिप्सिन सोडले. आपल्या आतड्यात अन्न पचवणारेच हे एक विकर. ते माळ वाटेल तिथे तोडत नाही, ठरावीक मण्यांपाशीच तोडते. त्यामुळे दर वेळी तेच तीसेक तुकडे मिळतात. या तुकड्यांच्या मिश्रणाचा एक ठिपका त्याने मोठ्या गाळणकागदाच्या एका बाजूला ठेवला आणि कागदातून वीज सोडली. तुकडे भारानुसार एका दिशेने पांगले. मग कागद वाळवला, काटकोनात फिरवला आणि त्यातून द्रावक चढू दिला. आता तेच तुकडे द्रावकाच्या ओढीनुसार दुसऱ्या दिशेने पांगले. आधी वीज, मग क्रोमॅटोग्राफी. एक आडवी धाव, एक उभी.

तुकड्यांना स्वतःचा रंग नसतो. म्हणून कागदावर निनहायड्रिनचा फवारा मारून तो तापवायचा. मग जिथे जिथे तुकडा आहे तिथे जांभळा ठिपका उमटतो. हेच निनहायड्रिन कागदावरचे बोटांचे ठसे उठवायला पोलीसही वापरतात. इंग्रॅमने आपल्या जांभळ्या नकाशाला नाव दिले तेही 'बोटाचा ठसा' हेच.

निरोगी माणसाचा ठसा आणि सिकलसेलच्या रोग्याचा ठसा शेजारी शेजारी ठेवले. ठिपक्याला ठिपका जुळत गेला. एक सोडून. तो एकच ठिपका आपल्या जागेवरून सरकला होता.

पुढच्या वर्षी, १९५७ मध्ये, इंग्रॅमने तो एकच तुकडा उकलून दाखवला. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन नावाचे अमिनो आम्ल बसले होते. हिमोग्लोबिनचा अर्धा भाग म्हणजे जवळजवळ तीनशे मणी. त्यातला एक बदललेला! नंतर कळले, की तो बीटा साखळीतल्या १४६ मण्यांपैकी सहावा. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलीनवर भारच नसतो. म्हणून विजेच्या शर्यतीत हे हिमोग्लोबिन मागे पडते. व्हॅलीनला पाण्याचा कंटाळा, म्हणून ते शेजारच्या रेणूत तोंड खुपसते आणि काड्या तयार होतात. नंदुरबारच्या किंवा धानोऱ्याच्या एखाद्या पोराच्या हाडांत उठणारी कळ त्या सहाव्या मण्यापासून सुरू होते.

हा दोष निसर्गाने गाळून का टाकला नाही, असा प्रश्न पडतो. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतून त्याचे उत्तर दिले. ज्याच्याकडे या दोषाची एकच प्रत आहे, त्या वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. जिथे जंगल, डास आणि हिवताप, तिथे हा दोष टिकून राहिला. विदर्भाच्या आणि सातपुड्याच्या नकाशाकडे पाहिले की हे पटकन पटते.

सारख्या चेहऱ्याचे दोघे

इतके सगळे १९५७ मध्येच कळले असेल, तर आज तपासणीत अडचण कसली? अडचण आहे, आणि ती थेट घरातल्या माणसांपर्यंत येते.

गावपातळीवरची पहिली तपासणी सोपी आणि स्वस्त असते. रक्ताचे काही थेंब एका द्रावणात टाकतात. सिकलचे हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. ही विरघळण्याची चाचणी, सर्वांच्या तोंडी 'सोल्युबिलिटी'. ती एवढेच सांगते, की सिकलचे हिमोग्लोबिन आहे. माणूस रोगी आहे की नुसता वाहक, हे ती सांगत नाही. आणि या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाहकाला आईकडून किंवा बापाकडून दोषाची एकच प्रत मिळालेली असते. तो एरवी निरोगी असतो, शेती करतो, नोकरी करतो. रोग्याला दोन्हीकडून प्रत मिळालेली असते.

म्हणून पुढची पायरी इलेक्ट्रोफोरेसिस. कागदासारख्या पातळ पट्टीवर रक्ताचा अर्क ठेवतात, वीज सोडतात. निरोगी माणसाचे 'ए' हिमोग्लोबिन सगळ्यात पुढे धावते, मग 'एफ', मग सिकलचे 'एस' आणि सर्वांत मागे 'ए-२'. वाहकाच्या पट्टीवर 'ए' आणि 'एस' असे दोन ठळक पट्टे. रोग्याच्या पट्टीवर 'एस' ठळक, सोबत थोडेसे 'एफ', आणि 'ए' मुळीच नाही.

पण त्या शर्यतीत 'एस'च्या बरोबरीने, अगदी त्याच जागी पोहोचणारा आणखी एक गडी आहे. त्याचे नाव हिमोग्लोबिन 'डी-पंजाब'. नावात पंजाब असले तरी तो देशात इतरत्रही आढळतो. दोष वेगळा, मणी वेगळा, पण भार सारखाच बदललेला. ज्याच्याकडे 'डी'ची एकच प्रत आहे त्याला काहीही त्रास होत नाही. तरीही केवळ विजेच्या पट्टीवर त्याचे चित्र सिकलच्या वाहकासारखे दिसते. उलट आईकडून 'एस' आणि बापाकडून 'डी' घेऊन आलेल्या मुलाच्या पट्टीवर एकच जाड पट्टा दिसतो, जणू दोन्हीकडून 'एस'च. ते मूल आजारी असतेच, पण त्याच्या भावंडांना आणि काका-मावश्यांना काय सांगायचे, ते सगळेच बदलून जाते.

इथे दुसरी वाट कामाला येते. क्रोमॅटोग्राफीचा आजचा अवतार म्हणजे एचपीएलसी हे यंत्र. बारीक मण्यांनी ठासून भरलेल्या नळीतून रक्ताचा अर्क दाबाने ढकलतात. मण्यांवर ऋण भार असतो, हिमोग्लोबिन त्यांना धरून बसते. मग मिठाचे प्रमाण वाढवत नेलेले द्रावण सोडले की एकेक जात हात सोडून बाहेर पडते. कोण कितव्या मिनिटाला बाहेर आले यावरून ओळख पटते आणि किती आले यावरून टक्केवारी कळते. एका नमुन्याला सहा-सात मिनिटे पुरतात. इथे 'डी' आणि 'एस' वेगवेगळ्या वेळी बाहेर येतात. विजेच्या पट्टीवरचे जुळे इथे निराळे होतात.

मग नुसते एचपीएलसीच का वापरू नये? कारण त्याचीही फसगत होते. ईशान्य भारतात आणि बंगालमध्ये आढळणारे हिमोग्लोबिन 'ई' या यंत्रातून 'ए-२'च्याच वेळेला बाहेर पडते. ते साध्या विजेच्या पट्टीवरही 'ए-२'जवळच थांबते, पण केसासारख्या बारीक नळीतून विजेने धावायला लावणारे कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसचे यंत्र त्या दोघांना अलग करते. म्हणजे एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसते. चांगल्या प्रयोगशाळेतला तज्ज्ञ म्हणूनच एका यंत्राच्या आलेखावर सही करायला कचरतो. शंका असेल तर तोच थेंब दुसऱ्या वाटेने पाठवतो, आणि तरीही गाठ सुटली नाही तर जनुकाची तपासणी मागवतो.

आणखी एक गुंता आहे, तो थॅलेसेमियाचा. एका पालकाकडून 'एस' आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमियाचा दोष आला, तर रक्तात 'ए' कधी अगदी थोडे असते, कधी नसतेच. पट्टीवर हे मूल थेट सिकलचे रोगी दिसते. इथे 'ए-२'चे वाढलेले प्रमाण आणि तांबड्या पेशींचा लहान आकार संशय जागा करतात. पण खरा उलगडा होतो तो आईबाप दोघांचे रक्त तपासल्यावर. मुलाच्या थेंबातले कोडे अनेकदा आईबापांच्या थेंबांत सुटते.

लग्न, गर्भारपण आणि एक कागद

दोन वाहकांचे लग्न झाले तर दर गर्भारपणी मूल पूर्ण निरोगी असण्याची शक्यता चारांत एक, वाहक असण्याची चारांत दोन आणि रोगी असण्याची चारांत एक. 'दर गर्भारपणी' हे शब्द महत्त्वाचे. पहिले मूल रोगी झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब कित्येक घरांत केला जातो. तो साफ चुकीचा आहे. नाणे मागच्या वेळी काय पडले ते लक्षात ठेवत नाही.

एका बाजूला वाहक आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण निरोगी जोडीदार असेल, तर त्यांचे एकही मूल सिकलचे रोगी होणार नाही. मुलीच्या कागदावर 'वाहक' लिहिले म्हणून ठरलेले लग्न मोडण्याचे काही कारण नाही. पण व्यवहारात भुर्दंड बसतो तो मुलीलाच. मुलाचे रक्त तपासायला कुणी सांगत नाही. आणि ज्या घराला हे माहीत असते ते पुष्कळदा तपासणीच टाळते. कागदच नको म्हणजे प्रश्नच नको! अशा वेळी 'डी-पंजाब'ची निरुपद्रवी प्रत असलेल्या मुलीच्या माथी चुकून 'सिकल वाहक' असा शिक्का बसला, तर त्याची किंमत कोण मोजणार? हातात इंग्रजी अक्षरांचा कागद देऊन 'पुढच्या महिन्यात या' म्हणणे म्हणजे तपासणी पुरी झाली असे नव्हे.

काही गोष्टी मात्र प्रत्येक घराने लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. रोग्याला नुकतेच रक्त चढवले असेल तर तपासणीत दात्याचे 'ए' हिमोग्लोबिन मिसळलेले असते आणि रोगी वाहकासारखा दिसू शकतो. म्हणून नमुना रक्त देण्यापूर्वी घ्यावा, नाहीतर सुमारे तीन महिने थांबावे. रक्त कधी चढवले ते प्रयोगशाळेला आवर्जून सांगावे. नवजात बाळात 'एफ' भरपूर आणि 'एस' थोडेसे असते, त्यामुळे सोल्युबिलिटी चाचणी फसते. तिथे एचपीएलसी किंवा कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसच हवे. वधू-वर दोघांनीही लग्नाआधी तपासून घेतले तर उत्तमच. ते राहून गेले असेल तर गर्भारपणाच्या अगदी सुरुवातीला तपासावे, म्हणजे दोघेही वाहक निघाले तर डॉक्टरांशी बोलायला वेळ हाताशी राहतो.

वेळेवर निदान झालेले मूल वाढवता येते. लहानपणी पेनिसिलिन, लसी, भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, आणि ताप आला की घरगुती उपाय न करता तडक दवाखाना, एवढ्यानेही पुष्कळ मुले वाचतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध बाळपणीचे 'एफ' हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते आणि कळांचे प्रमाण घटवते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अधूनमधून रक्त तपासत ते नियमित घ्यावे लागते. अस्थिमज्जेचे रोपण हा पुरता बरे करणारा उपाय, पण जुळणारा दाता आणि मोठा खर्च ही त्याची अट. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने जनुकात दुरुस्ती करणाऱ्या एका उपचाराला परवानगी दिली. त्याची अमेरिकेतली किंमत वीस लाख डॉलरच्या वर सांगितली गेली. धडगावच्या किंवा एटापल्लीच्या घराला तो आकडा वाचूनच सोडून द्यावा लागतो.

कागद परत आला

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेची सुरुवात झाली. आदिवासीबहुल भागांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे पहिले लक्ष्य, आणि २०४७ ही अखेरची मुदत. एवढ्या लोकांचे रक्त जिल्ह्याच्या एचपीएलसी यंत्रापर्यंत न्यायचे तर थंड पेटी, गाडी, वीज आणि तंत्रज्ञ, सारेच लागते. पावसाळ्यात नाले भरले की गडचिरोलीत माणूसच पलीकडे जात नाही, तिथे रक्ताची बाटली कशी जाणार?

म्हणून यंत्रेच लहान होऊ लागली आहेत. बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर चालणाऱ्या पट्ट्या आल्या आहेत. गर्भारपण तपासण्याच्या पट्टीसारख्याच त्या दिसतात, आणि त्यांतही रक्त कागदातून पुढे सरकते. 'गझेल' नावाचे एक बॅटरीवर चालणारे छोटे यंत्रही आहे. त्याच्या आत कागदाची एक बारीक पट्टी असते, तिच्यावर वीज सोडून ते काही मिनिटांत हिमोग्लोबिनच्या जाती वेगळ्या करते. जबलपूरच्या आयसीएमआरच्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेने त्याची एचपीएलसीशी ताडून तपासणी केली आहे. केंब्रिजच्या मोठ्या गाळणकागदाचा हा चिमुकला वंशज आता गावाच्या ओसरीवर येऊ शकतो.

पण ओसरीवरच्या पट्टीने 'होय' म्हटले की काम संपत नाही. त्या माणसाचा दुसरा नमुना जिल्ह्याला जातो, एचपीएलसीच्या नळीतून पुन्हा एकदा धावतो, आणि दोन्ही उत्तरे जुळली तरच त्याच्या कार्डावर अक्षरे लिहायची असतात. जुळली नाहीत, तर आशाताईंना त्या घरी पुन्हा जावे लागते. या वेळी आईचेही बोट टोचायचे असते आणि बापाचेही.